लोण्यासारखी मळी

नदीचं पाणी नितळ होतं, तरी शर्वरीच्या पालकात विष निघालं. हे कसं काय?

पुरानंतर अख्खं गाव वर माळावर राहायला गेलं. खाली उरलं एकच घर, पंपघर सांभाळणाऱ्या शर्वरीच्या बाबांचं. बाबा दिवसभर पंपाशी. अकरा वर्षांच्या शर्वरीशी बोलायला होता फक्त गांडुळ्या, माती तपासणारा हातभर लांबीचा यंत्रमानव. तो गुणी होता, पण त्याला लगोरी खेळता येत नव्हती. स्वतःच रचायची आणि स्वतःच फोडायची, याचा शर्वरीला वीट आला होता.

गावाची रीत अशी, की पुराच्या मळीत (नदीच्या बारीक गाळात) आलेल्या भाजीचा पहिला तोडा सगळ्यांना वाटायचा. म्हणून तर तिने पालक लावला होता. तो न्यायला रविवारी पोरं खाली येणार होती, चार महिन्यांत पहिल्यांदा!

आणि शनिवारी गांडुळ्या वाफ्यातून डोकं काढून म्हणाला, "हा पालक कुणाला देऊ नकोस. यात कॅडमियम आहे. तो जड धातू (थोडा थोडा शरीरात साठून मूत्रपिंडांना इजा करणारा) आहे."

"खोटं! पाणी स्वच्छ आहे असं तूच म्हणालास ना?"

"पाणी स्वच्छच आहे. पेला आण."

पेल्यात पाणी, वाळू आणि मळी घालून तिने ढवळलं. वाळू लगेच तळाशी बसली. मळी मात्र कितीतरी वेळ तरंगत राहिली.

"बारीक कण असे लांब वाहत जातात," गांडुळ्या म्हणाला, "आणि पूरमैदानात (पुराचं पाणी पसरतं त्या सपाट जमिनीवर) पाणी संथ झालं की खाली बसतात."

"पण धातूचं काय?"

"ढेकूळ फोडून पूड केली, तर माती तेवढीच राहते, पण बाहेरची बाजू खूप वाढते. धातू त्या बाजूला चिकटतो. तुझ्या जन्माआधी नदीच्या वरच्या अंगाला धातूचा मुलामा देणारा कारखाना होता. तो बंद पडला, पण धातू पाल्यासारखा कुजत नाही. नदीच्या तळाशी पडून राहतो आणि पुराबरोबर इथे येतो."

शर्वरीने तर लोण्यासारखी मऊ मळी निवडून निवडून आणली होती! तिला रडूच कोसळलं.

"चुना घातला तर पिकात धातू कमी जाईल," गांडुळ्या हळूच म्हणाला. "नदीकाठी वाढणारी वाळुंजाची झाडं मुळांनी तो ओढून घेतात. फांद्या छाटून वेगळ्या टाकायच्या. वर्षं लागतील, पण जमेल."

तेवढ्यात तिला आठवलं. गाव हललं तेव्हा भाजी लावायला दर घरामागे दोन पोती हीच मळी वर गेली होती! माळावर माती कुठली? सांगितलं, तर या विषाच्या जमिनीवर पुन्हा कोण पाऊल ठेवणार? नाही सांगितलं, तर वरची सगळी तेच विष खात राहणार.

तिने मैत्रिणीला, संपदाला, फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. "उद्या नका येऊ," असं म्हणून शर्वरीनेच फोन ठेवला.

रविवारी ती वाळुंजासाठी एकटीच खड्डे खणत होती. दोन झाले आणि पायवाटेवर आवाज आला. नऊ पोरं उतरत होती, प्रत्येकाच्या हातात मातीची पुरचुंडी.

"आमची माती बघ आधी," संपदा म्हणाली. "आणि लगोरी कुठाय गं?"

वाळुंज मोठे व्हायला वर्षं लागणार होती. खड्डे मात्र दुपारपर्यंत अकरा झाले.