परतीची वायर

खारी गावात जागृतीच्या घरी मी पोचले तेव्हा तिच्या सासूबाई, शालूमावशी, लाकडी कालथ्यानं नळाचा दांडा ढकलत होत्या.

"हात लावला का मुंग्या येतात, बाय," त्या म्हणाल्या. "सवय झाली आता."

जागृतीला ती सवय नको होती. तिची पिंकी नुकती रांगायला लागली होती आणि आदल्या दिवशी फ्रिजला हात लागून किंचाळली होती. माझ्याआधी दोन वायरमन येऊन गेले. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला की तो लगेच पडायचा, घरभर वीज जायची, म्हणून दोघांनीही तो काढून टाकला. नवरा घर विकू म्हणत होता. शेजारपाजारचे म्हणत, घराला काहीतरी लागलंय.

मी संघप्रिया, राहते मीरा रोडला, घरांच्या वायरिंगची कामं घेते. घराला लागलेलं म्हणजे बहुतेक वेळा पॅनेलमध्ये चुकीच्या पट्टीला लागलेली वायर असते.

जिन्याखालचं पॅनेल उघडलं आणि चूक समोरच दिसली. न्यूट्रल ही विजेच्या परतीची वाट. अर्थिंग वेगळं, गळती झालीच तर ती जमिनीत नेण्यासाठी. इथं दोन्हीच्या वायरी एकाच पट्टीवर कोंबलेल्या होत्या. मीटरकडून येणारी न्यूट्रल ढिली होती, आणि अर्थिंगची वायर अंगणात फरशा बसवताना तुटलेली. परतीची वाट न मिळालेली वीज नळात आणि फ्रिजच्या पत्र्यात शिरत होती.

"सापडलं?" जागृतीनं विचारलं.

"सापडलं. संध्याकाळच्या आत नीट होईल."

मेन बंद करून एकेक वायर सोडवायला घेतली. सगळ्यांचा हिशेब लागला, एक सोडून. ती काळी, परतीची वायर जिन्याच्या भिंतीतून वर जात होती आणि वीज घेऊन जाणारी तिच्या जोडीची फेज कुठेच नव्हती. सवयीनं तिच्याभोवती करंट मोजायचा क्लॅम्प मीटर धरला. मेन बंद असताना त्यातून करंट वाहत होता. म्हणजे तो वरूनच येत होता.

शेजाऱ्यांची लाइन असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. घर चारी बाजूंनी मोकळं होतं.

"वर कोण राहतं?"

"कुणी न्हाय," शालूमावशी म्हणाल्या. "खोली बंद हाय. बल्बसुद्धा काढून ठेवलाय."

मी वर गेले. दुपारची वेळ होती, पण जिना अंधारा. बंद दाराखाली पिवळ्या उजेडाची रेघ होती. जागृतीनं कुलूप काढलं. आत काळोख, कोंदट वास, भिंतीवर एक बटण. छताला रिकामा होल्डर. स्टुलावर चढून मी त्याला बोट लावलं. तो गरम होता.

"ताई, खाली चला," जागृती हळूच म्हणाली.

दार लावलं. रेघ पुन्हा उमटली.

घाबरले नव्हते असं नाही. पण पिंकी खाली चुळबुळत होती आणि माझ्या हातात पक्कड होती. खाली येऊन ती काळी वायर तोडली. टोकाला टेप गुंडाळला. न्यूट्रलची पट्टी वेगळी केली, अर्थिंगची वेगळी. मीटरकडची ढिली वायर घट्ट आवळली. अंगणात खड्डा खणून नवा अर्थिंग रॉड ठोकला, कोळसा आणि मीठ घालून पाणी ओतलं, जाड वायर पॅनेलपर्यंत आणली. आरसीसीबी बसवला.

मेन चालू केला.

आरसीसीबी पडला नाही. फ्रिज घुमला, पंखे फिरले, गीझरचा दिवा लागला, तरी पडला नाही. मी त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं. खटकन पडला. पुन्हा वर केला, राहिला. मलाच हसू आलं.

शालूमावशींनी कालथा बाजूला ठेवला. नळाला आधी एक बोट लावलं, मग अख्खा पंजा. पाणी सोडून दोन्ही हात त्याखाली धरले आणि धरूनच उभ्या राहिल्या.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "काहीच न्हाय गं."

जागृतीनं पिंकीला फ्रिजपाशी सोडलं. पोरीनं दारावर थपडा मारल्या, खिदळली. जागृतीनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "घर विकायचं नाही," एवढंच बोलली आणि ठेवला.

मी जिन्यातून वर पाहून आले. दाराखालची रेघ गेली होती.

चहा झाला. मी पॅनेलचं झाकण बसवत होते.

वर खट असा आवाज झाला.

थोडं थांबून पुन्हा. खट.

शालूमावशींनी नळ बंद केला.

वरच्या खोलीतलं बटण कुणीतरी दाबून पाहत होतं.

मग बटणाचा आवाज थांबला आणि भिंतीवरून तळहात फिरल्याचा आवाज आला. अंधारात चाचपत, सावकाश, तो दाराकडे सरकत होता.