झुंबरबाईंची तांबडी तूर

"मेलेल्या माणसानं दिलेलं मत इतिवृत्तात कसं लिहायचं, मॅडम?"

समोरच्या मुलीनं हे इतक्या साधेपणानं विचारलं की भालचंद्रांच्या हातातली मोसंबीची फोड तोंडापाशीच थांबली. उमा रुईकरनं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाली, "आधी मेलं कोण ते सांगा."

उमा बँकेतली तपासनीसाची नोकरी सोडून जालन्यात खाजगी तपास करू लागली त्याला सहा वर्षं झाली होती. भालचंद्र तिचे थोरले चुलतभाऊ, गणिताचे निवृत्त मास्तर. ते तिची गाडी चालवत, आणि आपण भूतबीत मानत नाही असं न विचारता सांगत.

मुलीचं नाव अर्पिता. वाटूरच्या एका शेतकरी कंपनीची ती व्यवस्थापक होती. अकराशे शेतकरी सभासद, पाच संचालक, एक गोदाम आणि धान्य साफ करायचं युनिट, एवढा सगळा पसारा.

"आमच्या अध्यक्षा झुंबरबाई तीन महिन्यांपूर्वी गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी संचालकांची मतं दाण्यांनी घ्यायची रीत पाडली. मडक्याला फडकं बांधायचं आणि मधल्या चिरेतून मूठ आत घालायची. हो म्हणायचं तर हरभरा, नाही म्हणायचं तर तूर. माणसांपेक्षा दाणे जास्त निघाले तर मतदान रद्द, असं नियमावलीतच आहे."

"आणि आता जास्त निघतात."

"तीन वेळा निघाले. युनिट पुण्याच्या एका कंपनीला पंचवीस वर्षं भाड्यानं द्यायचा ठराव आहे. बाईंच्या मागे संचालक उरले चार. पहिल्या वेळी माणसं चार, दाणे पाच. दुसऱ्या वेळी धर्मराजभाऊ आलेच नव्हते, तर माणसं तीन, दाणे चार. तिसऱ्या वेळी पुन्हा पाच. आम्ही वाटीत बदनापूरची पांढरी तूर ठेवतो. जास्तीचा दाणा दर वेळी हा असा."

तिनं कागदाची पुडी उघडली. आत तीन दाणे होते, बारके आणि रक्तासारखे तांबडे.

"ही गावरान तूर झुंबरबाईच पेरायच्या. अख्खं गाव म्हणतंय, बाई मत द्यायला येतात. उपाध्यक्ष भागवतराव म्हणतात, दाणा मी टाकते. आज दोन वाजता बैठक आहे. मडकं बंद, हात वर करून मतदान. आणि दुसरा ठराव मला दगाबाज म्हणून काढून टाकायचा, वर पोलिसांत तक्रार." तिनं पुडी पुन्हा बांधली. "नोकरी गेली तर जाऊ द्या, मॅडम. पण हा शिक्का बसला तर मला पुन्हा कोण दारात उभं करील?"

उमानं पुडी आपल्या पर्समध्ये ठेवली. "चला, भालूदादा."

वाटूरपर्यंत उमा मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. भालचंद्रांनी दोनदा काय बघतेस म्हणून विचारलं, दोन्ही वेळा नुसतं हं मिळालं. मागे बसलेल्या अर्पितानं मात्र एक गोष्ट सांगितली. भाड्यानं घेणाऱ्या कंपनीचे मालक कोण, हे तिनं दोन पत्रं पाठवून विचारलं होतं, आणि त्यानंतरच भागवतरावांची मर्जी फिरली होती.

बैठकीची खोली गोदामाच्या पोटात होती. खिडकी नाही, वर पत्रा. बाहेर डिसेंबरचं लख्ख ऊन असताना आत शिरलं की अंगावर काटा यायचा. टेबलाच्या टोकाशी झुंबरबाईंची खुर्ची रिकामी होती, तिच्या पाठीवर जुनी शाल. तीन महिने त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं, तरी तिच्याजवळ गेलं की मिश्रीचा वास येत होता. भालचंद्र लगेच म्हणाले, "मी काही मानत नाही हे," आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले.

बाकावर नवी गोधडी अंथरलेली होती. तिला हिरव्या दोऱ्याचे लांब, सरळ टाके होते. ती शिवणारी केशरबाई शेजारीच खाली बसली होती. साठीची बारकीशी बाई. झाडलोट, चहापाणी, बैठकीचं फडकं धुणं, सगळं तिच्याकडे.

"बसा बसा. जेवूनच जा," ती म्हणाली. "आमटी टाकलीय चुलीवर."

उमानं पहिल्यांदा काकासाहेबांना बोलावलं. संचालकांत ते सगळ्यांत थोरले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बशीत ओतलेला चहा त्यांच्या हातून धोतरावर सांडत होता.

"मडक्यात हात घातला की गार लागतं बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "जसं कोन्या म्हाताऱ्या बाईनं मनगटाला धरलं. अन् समद्यांचे हात टेबलावर आले, मी गाठ सोडाया घेतली, की आतून टक्! दाणा पडल्याचा आवाज. चौघांनी बी ऐकला."

"गाठ सोडायच्या आधी, की सोडताना?"

"सोडताना. आता त्यानं काय फरक पडून राह्यला, बाई? बोलावनं आलं म्हनायचं आपल्याला."

मग साधना आली. झुंबरबाईंची सून, आणि स्वतःही संचालक.

"मी ठरावाच्या इरोधात हाय, उघड सांगते. तिन्ही वेळा पांढरी तूर टाकली. पन तांबडा दाणा माझा न्हाई. सासूबाई गेल्या अन् कणगीला भुंगा लागला. समदी तूर फेकून दिली. घरात एक दाणा न्हाई."

"दुसऱ्या कोणाकडे असेल?"

"सासूबाई मूठमूठ वाटायच्या. आता कुनाकडं उरली असंल, देव जाणे." मग ती चिडून म्हणाली, "ठराव व्हायचाय अजून, अन् त्या पुण्यावाल्यांचा बारदाना येऊन पडलाय बी. भागवतभाऊंचा पोरगा हरिओम टेम्पो भरून घेऊन आल्ता."

उमा भालचंद्रांना घेऊन गोदामात गेली. कोपऱ्यात कोऱ्या पोत्यांची थप्पी होती. प्रत्येक पोत्यावर छापलं होतं, 'दुधनाकाठ ॲग्रो'.

"नाव छान आहे," भालचंद्र म्हणाले. "आपल्या नदीचं."

"हो ना," उमा म्हणाली. "पुण्याच्या लोकांना आपल्या दुधनेचं भारी प्रेम."

भागवतराव शेवटी आले. पन्नाशीचा तगडा गडी, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा.

"तिसऱ्या वेळी समदं मी माझ्या हातानं केलं, मॅडम. परतूरहून नवं मडकं आणलं. अर्पिताला बाहेर काढलं. मीच बांधलं, मीच सोडलं."

"आणि फडकं?"

भागवतरावांची नजर नकळत रिकाम्या खुर्चीकडे गेली. "फडकं तेच. मोठ्या बाईच्या लुगड्याचं हाय ते. बदलायची कुनाची छाती होती? केशरबाईनं धुऊन, घडी घालून हातात दिलं, मी बांधलं. तरी बी दाणा निघाला."

"मग अर्पिता बाहेर असताना दाणा तिनं कसा टाकला?"

"कसा टाकला ते पोलीस बघतील. भुतावर तर ठराव करता येत न्हाई ना, मॅडम."

दुपारी केशरबाईनं भाकरी आणि आमटी वाढली. भालचंद्रांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "काय चव आहे! लहानपणी आजोळी खायचो, तशी. कुठली डाळ ही?"

"जुनी तूर हाय, घरची," केशरबाई म्हणाली आणि ताट उचलून गेली.

उमानं तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि ती बैठकीच्या खोलीत गेली. मडकं आणि फडकं तिथल्याच कपाटात होतं, वापरायचं नाही म्हणून कोरडं ठणठणीत पडलेलं. दहा मिनिटांनी ती रिकामा तांब्या घेऊन बाहेर आली. हिला एवढी तहान कधीपासून लागायला लागली, असं भालचंद्रांना वाटून गेलं, पण आमटीच्या सुस्तीत ते विसरले.

दोन वाजता चौघे संचालक टेबलाशी बसले. काकासाहेब, भागवतराव, साधना आणि तोंडातून शब्द न काढणारे धर्मराज. अर्पिता भिंतीला टेकून उभी होती. केशरबाई चहाचा ट्रे घेऊन दारात.

"हात वर करायच्या आधी एकदा मडकं मांडू या," उमा म्हणाली.

"कशाला?" भागवतराव गुरगुरले.

"पाच मिनिटं. कोणी काही टाकायचं नाही."

तिनं मडकं पालथं घालून ठोकून दाखवलं. रिकामं होतं. तिनं फडकं बांधलं. चिरेतून कोणाचाही हात आत गेला नाही. सगळ्यांचे पंजे टेबलावर उघडे. वर पत्रा उन्हानं तडतडला आणि गप्प झाला. मिश्रीचा वास उगाच वाढल्यासारखा वाटत होता. भालचंद्रांच्या मानेवरून घामाचा एक थेंब खाली उतरला.

"काकासाहेब, गाठ सोडा."

काकासाहेबांनी गाठ सोडली.

टक्.

साधनानं तोंडावर पदर धरला. धर्मराज खुर्चीसकट मागे सरकले. उमानं मडकं कलतं केलं. टेबलावर एकच दाणा घरंगळत आला, तांबडा. शून्य माणसं आणि एक मत. दारात केशरबाईच्या हातातल्या कपबश्या खडखडल्या.

"राम राम राम," काकासाहेब पुटपुटले. "आल्ती बघा. आल्ती."

"कोणी आलं नव्हतं," उमा म्हणाली. "हा दाणा मी ठेवला. भालूदादा, माझ्या पर्समधली पुडी बघा."

पुडीत दोनच दाणे उरले होते.

"तीन वेळा काय काय बदललं ते बघा," उमानं सुरुवात केली. "माणसं बदलली. मडकं बदललं. बांधणारा बदलला, सोडणाराही बदलला. तरी दाणा आलाच. न बदललेली वस्तू एकच, झुंबरबाईंच्या लुगड्याचं फडकं. ते बदलायची तुमची छाती झाली नाही, आणि त्यावरच सगळा डाव होता."

तिनं फडकं उलटं केलं. चिरेच्या कडेची दुमड एका ठिकाणी बोटभर उघडी होती, खिशासारखी.

"फडकं ओलं असलं की दाणा या खिशात चिकटून बसतो. ताणून बांधलं की दुमड आवळते. गाठ सोडली की खिसा तोंड उघडतो, दाणा खाली पडतो. म्हणून आवाज हात बाहेर आल्यावर यायचा, ऐन गाठ सोडताना. आणि काकासाहेब, तुमच्या मनगटाला बाईंचा हात लागत नव्हता. ओलं फडकं लागत होतं."

काकासाहेबांनी आपलं मनगट उलटंसुलटं करून बघितलं.

"फडकं धुऊन हातात कोण देतं, ते भागवतरावांनी सांगितलं. दुमडीचे टाके बघा, हिरवा दोरा, लांब आणि सरळ. तसलेच टाके असलेल्या गोधडीवर भालूदादा सकाळी बसले होते. आणि जी तूर गावात कोणाकडे उरली नाही म्हणतात, तिची आमटी ते तीन वाट्या प्यायले."

भालचंद्रांनी नकळत पोटावरून हात फिरवला.

"पण यातून पुरावा होत नव्हता. तो आत्ता मिळाला. आज हात वर करायचे होते, म्हणून फडक्यात दाणा ठेवलेलाच नव्हता. टक् वाजलं तेव्हा तुम्ही सगळे खुर्चीकडे बघत होता. एकच माणूस फडक्याकडे बघत होतं. भूत नाही हे ज्याला पक्कं माहीत होतं, तेच आज खरं घाबरलं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. केशरबाईनं ट्रे खाली ठेवला.

"मीच ठेवत होते," ती म्हणाली. "तीन डाव तोंडानं बोलले मी, चहा देता देता. बाप्पा हो, हे युनिट देऊ नका. मी अन् झुंबरनं पाट्या वाहून उभं केलंय. तर भागवतभाऊ म्हनले, केशरबाई, चहात साखर कमी पडली. समदे हसले." तिचा आवाज चढला. "मंग म्हनलं, जित्या केशरबाईचं कोन ऐकून राह्यलं? मेलेल्या झुंबरचं तरी ऐकतील. अन् ऐकलंत! एका दाण्याला महिनाभर घाबरून बसलात!"

"पण मावशी, आळ माझ्यावर आला," अर्पिता म्हणाली.

केशरबाईचे डोळे भरले. "तुला काढून राह्यले, हे आज सकाळी कळलं, माय. चहा देताना सांगनारच होते. खोटं तुझ्या अंगाला लागू दिलं नसतं."

भागवतरावांनी टेबलावर हात आपटला. "कबूल केलं ना? कामावरची बाई कंपनीत दगाफटका करते! लिहून घ्या!"

"कामावरची?" केशरबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि प्लास्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला. शेअरचा दाखला होता. सभासद क्रमांक दोन. "एक नंबर झुंबर, दोन नंबर मी. भागवतभाऊ, तुमचा कितवा?"

भागवतरावांनी दाखला हातानं परत सारला.

"केशरबाईंनी केलं ते चूकच," उमा म्हणाली. "पण लिहायचंच तर पूर्ण लिहा. दुधनाकाठ ॲग्रोच्या संचालकांची नावं सरकारी यादीत कोणालाही बघता येतात. ठरावात कंपनीचं नाव होतं, त्यावरून मी गाडीतच बघितली. पत्ता पुण्याचा. पहिलं नाव, हरिओम भागवत ढवळे."

साधना ताडकन उठली. "म्हनून त्यानं बारदाना आणल्ता!"

"आणि अर्पितानं मालकाचं नाव विचारलं म्हणून तिला काढायचं होतं. भुताचं निमित्त आयतं मिळालं. अर्पिता, नियमावलीत काय आहे?"

अर्पिताला पान उघडावं लागलं नाही. "ज्याच्या घरच्यांचा फायदा असेल त्यानं ते आधी सांगायचं आणि मत द्यायचं नाही. आणि दहा वर्षांहून जास्त भाडेपट्टा द्यायचा तर अकराशे सभासदांची सभा घ्यायची." मग तिचा आवाज खाली आला. "हे मीच आधी ठणकावून सांगायला पाहिजे होतं."

"म्हणजे चार दाणे टाका नाहीतर चाळीस," उमा म्हणाली, "हा ठराव या खोलीचा नव्हताच."

भागवतरावांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि कोणाकडे न बघता बाहेर गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

काकासाहेबांनी दोन्ही ठराव उभे-आडवे फाडले. "अर्पिता, सभेची नोटीस काढ. समद्या गावांत लाव. अन् केशरबाई, चूक आमची बी हाय." त्यांनी टेबलाच्या टोकाची रिकामी खुर्ची ओढली, शाल बाजूला केली. "बस हितं."

केशरबाईनं खुर्चीला हात लावला, पण ती बसली नाही. "न्हाई. ही खुर्ची सभा भरील. तुम्ही देऊन चालत न्हाई, अन् मी घेऊन बी."

भालचंद्र गाडी काढायला बाहेर आले तेव्हा ती बाकाशेजारी उन्हात बसली होती. मांडीवर लुगड्याचं फडकं, तोंडात सुई. चिरेकडेचा तो बोटभर खिसा ती हिरव्या दोऱ्यानं घट्ट शिवून टाकत होती.

"आता दाणा कुठे ठेवणार, बाई?" त्यांनी थट्टेनं विचारलं.

तिनं दोरा दातानं तोडला.

"सभेत हात वर करीन की," ती म्हणाली. "माझा."