हिरवं कडं

बिट्टी घाईघाईत मायक्रोस्कोपच्या खोलीत शिरली आणि कुणाच्या तरी पायांना अडखळली.

"सावकाश! पाय लागतात हो मला अजून." टेबलाखालून दुरुस्तीवाला बाहेर आला. कपाळाला ग्रीस, हातात पाना.

"माझी चारची वेळ आहे," ती हसू दाबत म्हणाली.

"अर्धा तास द्या." त्याची नजर तिच्या हातातल्या काचेच्या डिशकडे गेली. "काय जपताय एवढं?"

"जिवंत पेशी. आत जंतू शिरलेत. अशा वेळी पेशी जंतूभोवती एक पडदा विणते, त्याला गुंडाळते आणि पचवून टाकते. ऑटोफॅजी म्हणतात. स्वतःच्या घरातला मोडका पसाराही ती असाच आवरते."

"दाखवा की!"

"तिथंच तर घोडं अडलंय..." तिचा आवाज उतरला. "रंग दिल्यानं जंतू लाल दिसतात, पडदा हिरवा दिसायला हवा. पण तो तीन महिन्यांत एकदाही दिसला नाही. या आठवड्यात दिसला नाही, तर माझ्या गाइड मॅडम संशोधनाचा विषयच बंद करणार."

तो पुन्हा स्क्रू पिळू लागला. मग हळूच म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण जंतू सोडल्यावर किती वेळानं बघता?"

"चार तासांनी. जंतूंची खोली दुपारी बाराला बंद होते, आणि त्याआधी सकाळी यंत्र मोकळं नसतं ना."

"आणि तोवर पडदा येऊन गेला असेल, तर?"

बिट्टीनं कपाळावर हात मारला. इतकी साधी गोष्ट!

"उद्याची सकाळ दुरुस्तीच्या नावावर आहे," तो म्हणाला. "काम आजच उरकतो. उद्याचे दोन तास तुमचे."

दुसऱ्या दिवशी, जंतू सोडून जेमतेम तास झाला होता. काळ्या अंधारात एक लाल ठिपका... आणि त्याच्या कडेनं हिरवी कोर. बघता बघता तिचं कडं झालं.

"आलं! अहो, आलं!" तिनं त्याची बाहीच पकडली.

तो वाकला. त्याचे केस तिच्या गालाला पुसटसे लागले — ती सरकली नाही.

"किती अलगद वेढलंय..." तो पुटपुटला. "खाऊन टाकणार आहे, असं वाटतसुद्धा नाही."

ती डोळे पुसत हसली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "दुरुस्ती कालच संपली ना? मग आज तुम्ही इथं कसे?"

"पडदा बघायला."

"खरं सांगा."

त्याचे कान लालेलाल झाले. "तुम्हाला... तुम्हाला बघायला."

यंत्राचा पंखा घरघरत राहिला.

"उद्या यायला मात्र काही निमित्त नाही," तो खाली बघत म्हणाला.

"निमित्त कशाला हवंय?" बिट्टी म्हणाली. "तसाच ये."

'अहो'चं 'ये' कधी झालं, ते दोघांनाही एकदमच कळलं. तिनं जीभ चावली, पण शब्द काही मागे घेतला नाही.