कॅमेरा बाहेर काढल्यानंतर

माझ्या गोष्टींना लोक थापा म्हणतात. बऱ्याचदा त्यांचं बरोबरच असतं. मीठमसाला लावल्याशिवाय मला साधा पत्तासुद्धा सांगता येत नाही.

पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांची आहे. मामा अजून आहेत. मामीही आहे. म्हणून हिच्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

घालायची हिंमतच होत नाही.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. जागा, एका मोठ्या दवाखान्यातली नातेवाइकांची खोली.

मामांना सगळे 'कॉमेंट्री' म्हणायचे. टीव्हीवर सामना असो, बातम्या असोत, नाहीतर साबणाची जाहिरात, मामांची बडबड चालूच. लहानपणी दगड लागून त्यांचा एक डोळा गेला होता. मामी म्हणायची, "बघतात एका डोळ्याने आणि बोलतात दहा तोंडांनी!"

त्या मामीच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं.

सर्जन तरुण होता, हसतमुख. "काका, पोट फाडायचं नाहीये. गॅस भरून पोट थोडं फुगवायचं, चार छोटी भोकं पाडायची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. आम्ही पोटाकडे बघतच नाही. पडद्याकडे बघून काम करतो."

"आणि धोका?"

"आत नळ्या अगदी जवळजवळ असतात. भलतीच कापली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून चित्रावरून नजर हटवायची नाही."

त्या दवाखान्याची एक पद्धत होती. आतलं ऑपरेशन बाहेर नातेवाइकांना टीव्हीवर थेट दाखवायचे.

मामा खूश! आत जाता जाता मामी म्हणाली, "अहो, आज तरी गप्प बसा. माझं पोट चव्हाट्यावर मांडू नका."

ते कसले गप्प बसतात.

पडदा उजळला. गुलाबी, ओलसर गुहा. मामांनी शेजारच्या खुर्चीतल्या ताईंना लगेच कॉमेंट्री ऐकवायला सुरुवात केली. ताईंच्या भावाचं ऑपरेशन नंतर होतं.

"हा डावीकडून चिमटा आला... धरलं! आता नळीला क्लिप... शाब्बास! कापली! बघा, पिशवीत घालून पित्ताशय काढलंसुद्धा!"

ताई हसत होत्या. मग हसेनाशा झाल्या. मामांचं लक्ष नव्हतं.

दार उघडलं. सर्जन टोपी काढत बाहेर आला.

"झालं, काका. अगदी सुरळीत. काकू शुद्धीवर येतायत."

मामांनी पडद्याकडे बोट केलं. "मग हे काय चाललंय? कॅमेरा अजून आतच आहे की!"

"कॅमेरा? तो मघाशीच काढला. टाकेसुद्धा घालून झाले."

मामांनी पुन्हा वळून पाहिलं.

चित्र चालूच होतं...

तीच गुहा. त्याच चकचकीत क्लिपा. आणि खालच्या कडेने, जिथे भोक पाडलेलंच नव्हतं तिथून, एक हत्यार आत येत होतं.

काळं. बोथट. जुनाट.

अंधारात कडी चाचपावी तसं ते एकेक क्लिप चाचपू लागलं...

"डॉक्टर! अहो, ते बघा! थांबवा त्याला!"

सर्जनने पाहिलं. "काय बघू, काका? टीव्ही बंद आहे."

ताई हळूच म्हणाल्या, "केव्हाच बंद झालाय हो, काका. तुम्ही बोलतच होतात... मला वाटलं, काळजीने होतं असं एखाद्याला."

मामा टीव्हीच्या काचेवर थापा मारत राहिले. त्यांना बसवून पाणी दिलं. ब्लड प्रेशरही तपासलं.

काचेत ते हत्यार आपलं काम करत होतं.

मामी घरी आली. जखमा भरल्या. एका दुपारी ती जेवून आडवी झाली, आणि बाहेरच्या खोलीतला बंद टीव्ही उजळला...

मामांनी प्लग उपटला.

चित्र गेलं नाही.

आतून मामी म्हणाली, "अहो, पोटात कोणीतरी कपाट आवरतंय हो. हळूहळू... एकेक वस्तू उचलून बघतंय."

सोनोग्राफी झाली. स्कॅन झाला. सगळं स्वच्छ. सर्जन म्हणाला, "राहिलेल्या गॅसमुळे वाटतं कधी कधी."

मामांनी चिडून टीव्ही माळ्यावर टाकला. त्या दुपारी मामी अशी किंचाळली की शेजारीपाजारी धावून आले. मामा माळ्यावर चढले. पडद्यावर त्या हत्याराने जबडा उघडला होता. जबड्यात एक नळी होती.

मामांची नजर पडली आणि ते थांबलं.

चोरी करताना पकडलेल्या पोरासारखं. जागच्या जागी.

खाली मामीचं किंचाळणं थांबलं.

तेव्हा मामांना कळलं. ते बघत असतील तोवर हत्यार नुसतं चाचपतं. नजर हटली, की कापायला घेतं.

टीव्ही पुन्हा खाली आला. त्या दिवसापासून मामी दुपारी आडवी झाली की मामा समोर खुर्ची टाकून बसतात. बोलत नाहीत. बोललं की लक्ष उडतं.

मध्यंतरी मी गेलो होतो. प्लग जमिनीवर लोळत होता. पडदा काळा ठिक्कर. मला दिसलं ते फक्त माझं तोंड.

"तुला काही दिसतं का रे?" मामांनी मान न वळवता विचारलं.

"नाही, मामा."

पण मामांच्या चष्म्याच्या काचेत गुलाबी, ओला उजेड होता. आणि त्यात काहीतरी... हलत होतं.

"मोतीबिंदू पिकलाय," मामा म्हणाले. "सगळं धूसर झालंय. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, बारीकशी चीर, काही दुखणार नाही. एक दिवस पट्टी बांधायची, बस."

"मग करून घ्या की!"

बोलून गेलो आणि जीभ चावली.

"दुसरा डोळा कुठून आणू?" मामा म्हणाले. "तुला दिसत असतं तर तुला बसवलं असतं."

तेवढ्यात आतून मामी कण्हली. "अहो... आहात ना समोर?"

"आहे गं. आहे."

कण्हणं वाढलं. मी मामांकडे पाहिलं. डोळा सताड उघडा होता. पण तोंड टीव्हीकडे नव्हतं. शेजारच्या भिंतीकडे होतं.

त्यांना ते कळलंच नव्हतं.

मी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि हळूच वळवलं...

मामी शांत झाली.

आता रोज दुपारी मी तिथेच असतो. दिसत मला काहीच नाही. मामांना जेवढं दिसतं, तेही रोज थोडं कमी होतंय.

मी फक्त त्यांचं तोंड सरळ धरून बसतो.