मागच्या इंजनाची गाडी

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मानसिंगच्या वर्कशॉपात एक लाल गाडी आली आणि बारामतीच्या भिगवण रस्त्यावरच्या अर्ध्या दुकानदारांचा कामधंदा बुडाला. जो तो बघायला यायचा. गाडी इतकी बसकी, की तिचं छप्पर उभ्या माणसाच्या कमरेशी. सीटा दोनच. मानसिंग मुद्दाम पुढचं बॉनेट उघडून दाखवायचा. आत स्टेपनी, रेडिएटर आणि बाकी मोकळी जागा. बघणारा एकदा आत बघायचा, एकदा मानसिंगकडे, आणि शेवटी हळूच विचारायचा, इंजन चोरीला गेलं का? मग मानसिंग त्याला मागं न्यायचा आणि सीटांच्या पाठीमागचं झाकण उचलायचा. इंजन तिथं होतं, ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून बसल्यासारखं. एरवी ट्रॅक्टर उघडून तेलात हात घालणाऱ्या मानसिंगला ही गंमत महिनाभर पुरली.

गाडी सोमेश्वरनगरच्या श्रीपादरावांची. ते साखर कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या थोरल्या भावानं ती सिंगापूरहून येताना बरोबर आणली आणि हौस फिटल्यावर इथंच सोडून तो परत गेला. गाडी जपानी, वाऱ्यासारखी पळणारी, पण बारामतीच्या उन्हापुढं तिनं हात टेकले होते. थोडं अंतर गेली की इंजन तापायचं, वाफ निघायची आणि गाडी रस्त्याकडेला बसायची. श्रीपादरावांनी ती दोन वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि शेवटी जुन्या मोटरसायकलीच्या भावात मानसिंगला देऊन टाकली.

मानसिंगच्या बायकोला, नकोशीला, हे काही पटलं नव्हतं. ज्या गाडीत कडबा मावत नाही आणि पाहुणेही मावत नाहीत, ती घ्यायचीच कशाला? हौसेला मोल नसतं असं म्हणणाऱ्याच्या दारात ही गाडी नेऊन लावा, असं ती म्हणायची. मानसिंग हसायचा. खरं कारण त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं.

कारण निरवांगीत होतं. निरवांगी त्याचं गाव, इंदापूर तालुक्यातलं, नीरा नदीच्या काठचं. घराणं मूळचं मेंढरांचं, आता बाकीच्यांसारखं उसाचं. दिवाळीच्या पाडव्याला तिथली धनगर घरं मेंढरं गेरूनं रंगवतात आणि नदीपासून बिरोबाच्या देवळापर्यंत पळवतात. धनी पुढं पळतो, कळप त्याच्या मागं. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, अशी रीत. त्यानं बघितलं की म्होरकं मेंढरू थांबतं, आणि ते थांबलं की सगळा कळप जागच्या जागी थांबतो. सगळ्यांच्या आधी मेंढरं पळवायचा मान पिढ्यान् पिढ्या मानसिंगच्या घराचा होता.

मानसिंग शाळेत होता तेव्हाची गोष्ट. त्याचे वडील, म्हस्कू आबा, कळप घेऊन नदी ओलांडत होते आणि वरून अचानक पाणी आलं. आबा पुढं होते. नदीच्या मधोमध त्यांनी मागं वळून बघितलं. पलीकडच्या काठावर आबा एकटेच चढले.

त्या दिवसापासून आबा कुणाच्याही पुढं चालले नाहीत. वरातीत सगळ्यांच्या शेवटी, मयतीला शेवटी, एसटीत मागच्या बाकावर. रानात जाताना सुनेला पुढं घालायचे आणि आपण मागून यायचे. गावानं आधी चेष्टा केली, मग गावाला सवय झाली. मानसिंगला कधी सवय झाली नाही.

गावानं त्यांचा मान मात्र काढून घेतला नव्हता. पाडव्याला आधी थोडा वेळ त्यांच्या नावानं रस्ता तसाच मोकळा सोडायचे आणि मग दुसऱ्या मानाच्या रावजीतात्याची मेंढरं सुटायची. त्या वर्षी गणपतीनंतर देवळात बैठक बसली, तेव्हा रावजीतात्यानं विषय काढला. मोकळा रस्ता आणखी किती वर्षं बघत बसायचं? म्हातारा मनानं वाईट नव्हता, पण बोलणं रोखठोक.

"ज्येच्या मागं कळप पळतुया त्येचा मान," तो म्हणाला. "म्हस्कूच्या मागं काय पळतंय?"

आबा दारात, चपलांपाशी बसले होते. त्यांनी घोंगडी सारखी केली. मानसिंग उठला आणि जे महिनोन् महिने मनात होतं ते बोलून गेला. "तात्या, सगळ्या गाड्यांचं इंजन म्होरं असतंय. माझ्या गाडीत मी म्होरं आन् इंजन मागं. ते पळतंय की माझ्या मागं."

देवळात हशा पिकला. रावजीतात्याही हसला, पण हसता हसता विचारात पडला. त्याला धिटाई आवडली असावी. म्हणाला, ठीक आहे, यंदा नदीपासून देवळापर्यंत गाडी न थांबता आण. वाटेत थांबली तर मान कायमचा आमचा. मग त्यानं दाराकडं बोट केलं. "आन् म्हस्कू म्होरं बसला पायजे. मान त्येचा हाय, तुजा न्हाय."

मानसिंगनं गाडीला हात घातला तो असा. दुखणं तसं साधं होतं. रेडिएटर नाकात, इंजन पाठीत, आणि पाणी नेणारे दोन लांब पाइप गाडीच्या पोटाखालून. त्या पाइपांत हवा अडकली की पाणी फिरत नाही. त्यानं नाक जॅकवर उचलून हवा काढली आणि पाइपाच्या उंच जागी पितळी कॉक बसवला. पुढचा पत्रा कापून ट्रॅक्टरचा जाड रेडिएटर आत घातला. इंजनाला वारा मिळावा म्हणून दोन्ही दारांमागं झरोके पाडून पत्र्याचे कान लावले. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पोट घासायचं, म्हणून स्प्रिंगांखाली लोखंडी कडी सारून गाडी चार बोटं उंच केली. श्रीपादराव बघायला आले ते म्हणाले, जपानची पोर पार इंदापूरकरीण करून टाकलीस.

बारामती ते लासुर्णे गाडी सुरेख गेली. तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून ढळला नाही. आपल्या हातची गाडी अशी पळताना बघून मानसिंग एकटाच मोठमोठ्यानं गात होता. लासुर्णे ओलांडून निरवांगीच्या बाजूला वळला आणि काटा चढायला लागला.

मानसिंग भुताखेतांतला माणूस नव्हता. आवाज आला तर बेअरिंग, वास आला तर तेल, असं त्याचं शास्त्र. गाडीत भिजलेल्या घोंगडीसारखा वास यायला लागला, तेव्हा त्यानं इंजनाच्या झाकणाखालचं अस्तर उचकटून जाळून टाकलं. वास राहिलाच. इंजन बंद केल्यावर मागं बारीक टकटक व्हायची. तापलेलं लोखंड निवताना वाजतंच, हे तो जाणून होता. पण ही टकटक थोडी लांबून सुरू व्हायची, जवळ येत जायची आणि गाडीच्या मागं येऊन थांबायची.

वस्तीवरच्या कुत्र्यांचंही तसंच. दुसरी कुठलीही गाडी दिसली की चाकाला दात लावायला धावणारी ही कुत्री, या गाडीवर भुंकायचीच नाहीत. ती गाडीच्या बरीच मागून पळायची, काही रस्त्याच्या या कडेनं, काही त्या कडेनं, मधली जागा मोकळी सोडून. मुकाट पळायची.

आणि आरशात धुरळा दिसायचा. रस्ता डांबरी, तरी धुरळा. बुटका, पांढरट, रस्त्याच्या रुंदीएवढा. मानसिंगची नजर आरशाकडं गेली की काटा चढायचा. त्यावरही त्यानं कारण शोधलं. आरशात बघताना पाय ॲक्सिलरेटरवरून सुटतो, वेग पडतो, वारा कमी होतो आणि इंजन तापतं. कारण चांगलं होतं. त्याला ते पुरतं पटलं नाही, एवढंच.

पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा गाडी भर दुपारी निरवांगीच्या अंगणात वाफ सोडत उभी होती. नकोशीनं पाण्याची कळशी आणून दिली आणि ती आत गेली. मानसिंग चाकाला टेकून खाली बसला. गावभर बोलून बसलो होतो, आता बापाचा उरलासुरला मानही आपणच घालवणार, या विचारानं त्याला रडू येत होतं.

आबा आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पत्र्याच्या झरोक्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"दमल्यात," ते म्हणाले. "तू सारका मागं बघतुयास."

मानसिंगनं समजावलं, की गाडीला आरसा असतो, बघावंच लागतं.

"म्होरं चालणाऱ्यानं बघायचं न्हाय." आबांनी हात काढून घेतला. "म्या बघितलं हुतं."

त्या दिवसाबद्दल आबा इतक्या वर्षांत एवढंच बोलले. मानसिंगनं उठून पान्हा आणला आणि आतला आणि दोन्ही बाहेरचे आरसे काढून टाकले. सगळ्या सुधारणांत हीच सोपी होती. आबांनी वाकून आत नजर टाकली. मागची सीट शोधत असावेत.

"मागं जागा न्हाय व्हय?"

"न्हाय आबा. मागं ती हाईत." इंजन म्हणायचं होतं त्याला. तोंडातून भलतंच गेलं.

आबांनी दाराच्या कडीला हात लावला. मग म्हणाले, "मंग बसाया पायजे."

पाडव्याला उतरत्या उन्हात गाडी नदीकाठी उभी राहिली. मेंढरांना लावतात तसे गेरूचे पट्टे नकोशीनं तिच्या पाठीवर ओढले होते, होती नव्हती ती सगळी हौस करून झरोक्यांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, आणि ती पुढं देवळाकडं निघून गेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हतं. पोरं शिट्ट्या मारत होती. कुणी ओरडून विचारलं, कळप मोजून घेतला का? आबांनी घोंगडी मांडीवर घेतली. मानसिंगनं इंजन चालू केलं.

आबांनी जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. मानसिंगनं तो लहानपणी ऐकला होता. त्यानंतर कधीच नाही.

गाडी निघाली.

नदीचा चढ चढताना काटा हलला. मध्याच्या वर गेला, लाल खुणेकडं सरकला. मानसिंगची मान आपोआप वळायला लागली. मागून गरम, ओलसर श्वास आल्यासारखं वाटत होतं. आबांचा हात त्याच्या गुडघ्यावर पडला.

"म्होरं बघ."

तो पुढं बघत राहिला. काटा खाली आला, मध्यावर बसला आणि तिथून हलला नाही.

गाडी इतकी हलकी कधीच पळाली नव्हती. मागून कुणी छातीनं रेटत असल्यासारखी ती पळत होती. मानसिंगच्या छातीत आनंद मावेना.

पहिल्या वळणापर्यंत शिट्ट्या होत्या. नंतर शिट्ट्या थांबल्या.

पुढची माणसं गाडीकडं बघत नव्हती. ती गाडीच्या मागं बघत होती, आणि भिंतींना पाठी लावून उभी राहत होती. एका बाईनं लेकराला कडेवर उचलून घेतलं.

रावजीतात्याची रंगवलेली मेंढरं कडेला आपल्या पाळीची वाट बघत होती. त्यांनी सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

देवळाच्या पायरीवर नकोशी होती. गाडी जवळ आली तशी तिनं पदर तोंडाला लावला आणि पाय वर ओढून घेतले.

गाडी देवळासमोर उभी राहिली. थांबून नव्हे, पोहोचून.

रावजीतात्यानं भंडारा उधळला. आधी बॉनेटवर, मग छपरावर. मग गाडीच्या मागं. उधळतच राहिला. त्याची नजर खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हळूहळू सरकत होती.

मानसिंगनं किल्लीला हात लावला.

"बंद करू नगं इतक्यात," रावजीतात्या म्हणाला. "सगळी यिऊ दे."

बऱ्याच वेळानं त्यानं मान हलवली आणि आबांच्या बाजूचं दार स्वतः उघडलं. मान म्हस्कूचा, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग ढोल सुरू झाले. बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं, आबांच्या डोक्याला फेटा बांधला गेला, नारळ हातात आला. भंडाऱ्यानं पिवळे झालेले आबा हसत होते. त्यांना हसताना बघून मानसिंग चारचौघांत, लाज न बाळगता, रडला. गाडीच्या तापल्या छपरावर त्यानं कौतुकानं थाप मारली. अख्ख्या गावात त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस नव्हता, आणि ते त्याला कळत होतं.

दिवस मावळायला आला तेव्हा आबा म्हणाले, घरी चालत जाऊ. गाडी देवळापाशी राहू दिली. आबा निघाले, आणि पुढं निघाले. फेटा बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून, रस्त्याच्या मधोमध, एकदाही मागं न बघता. मानसिंगला वाटलं, पळत जाऊन त्यांच्याबरोबर चालावं.

"अवो," नकोशी हळूच म्हणाली. ती पार कडेनं, गवतातून चालत होती. "कडंनं चाला."

तो तिच्यावर हसला आणि मधूनच चालला. का कोण जाणे, त्याला आबांना गाठता येईना. पावलं जड पडत होती, पाय कशाकशात अडखळत होते. आबा घरी पोहोचले. त्यांनी अंगणाचं काटेरी फाटक बाजूला ओढलं आणि ते धरून उभे राहिले. मानसिंग येऊन पोहोचला, तरी त्यांनी त्याला थांबायची खूण केली. आत कुणी जात नव्हतं, बाहेर कुणी येत नव्हतं. आबांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते. मग त्यांनी समाधानानं फाटक लावलं आणि हात झटकले.

मानसिंग ओट्यावर दिव्याखाली बसला. दसऱ्यापासून पावसाचा थेंब नव्हता, रस्ता कोरडा ठणठणीत होता. त्याची पँट मांड्यांपर्यंत ओली होती, दोन्ही बाजूंनी, आणि तिला नदीच्या गाळाचा वास येत होता.