फळ्यावरची खोडलेली ओळ

"छत्री जरा इकडे धरता का? …नाही, माझ्यावर नको. बातमीवर."

अस्मिता थबकली. श्रावणातली भुरभुर चालली होती. मंडईच्या कोपऱ्यावर एक तरुण पाठीचा आडोसा करून काळ्या फळ्यावर खडूने लिहीत होता. तिने मुकाट्याने छत्री फळ्यावर धरली.

"तुम्ही भिजताय," ती म्हणाली.

"मी वाळतो. ओला खडू उमटत नाही."

पुण्याच्या जुन्या पेठांत असे फळे अजून आहेत. कुणीतरी रोज सकाळी त्यावर बातम्या लिहितं आणि येणारे-जाणारे हातातली भाजीची पिशवी सांभाळत त्या उभ्याउभ्या वाचतात. हा फळा मंडळाचा होता, पण सहा वर्षं त्यावर हा तरुण, अवधूतच लिहायचा. ते झालं की शेजारचं उदबत्तीचं दुकान उघडायचा.

"मीही बातम्याच लिहिते," अस्मिता म्हणाली. "'शहरघंटा' पोर्टलवर. दोन-दोन लाख लोक वाचतात."

"अरे वा. माझे दोनशे. पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात."

तिला राग यायला हवा होता. आला नाही… दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला जाताना मुद्दाम तीच वाट धरून गेली. तिसऱ्या दिवशी तर पाऊस नव्हता, तरी छत्री घेऊन गेली.

"आज कडक ऊन आहे," अवधूत फळ्याकडे बघतच म्हणाला.

"असू दे. हवामानाचा काय भरवसा."

हळूहळू तिला त्याची पद्धत कळली. उद्या पाणी येणार नाही असं कुठे वाचलं, तरी तो आधी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोन लावायचा.

"एवढ्याशा ओळीसाठी फोन?" ती हसली.

"उगाच दोनशे घरांतल्या बादल्या भरल्या जातात. त्यांना काय सांगू, गंमत केली?"

बोलता बोलता त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं, तेव्हा तिच्या बोटांना पांढरा खडू लागला. दुपारपर्यंत तिने तो पुसला नाही.

भाद्रपद लागला आणि एका सकाळी ती धावतच आली. "आज माझी बातमी पहिली आहे सगळ्या शहरात. धायरीच्या एका डेअरीत दुधाच्या किटलीत पावडर टाकतायत. व्हिडिओ आहे."

"नक्की?"

"मीच लिहिलीय… नक्की म्हणजे काय?"

अवधूतने तिच्याकडे पाहिलं. खिशातल्या फोनकडे गेलेला हात मागे घेतला आणि खडू उचलला.

दुपारी फळ्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. हातात रिकामी किटली. ती धायरीच्या डेअरीची सुशीलाबाई. मंडईतल्या मिठाईवाल्याला दूध घालायला आली होती.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी," अवधूत दुकानातून बाहेर येत म्हणाला.

"माझी डेअरी बघितली का तुमी?"

"नाही."

"त्या व्हिडिओतली किटली रिकामी हाय. धुयाचा सोडा टाकून घासतो आमी रोज. सकाळपासनं साठ घरांनी दूध नगं म्हनून सांगितलं. मिठाईवाला म्हनला, फोनवरचं सोडा, फळ्यावर आलंय म्हंजी खरंच आसनार."

त्या शेवटच्या वाक्याने अवधूतचा चेहरा उतरला. दुकान बंद करून तो तिच्याबरोबर डेअरी बघायला निघाला.

संध्याकाळी अस्मिता आली, तेव्हा फळ्यावर तिच्या बातमीवर आडवी रेघ होती. खाली लिहिलं होतं : 'हे खोटं आहे. तो भांडी धुण्याचा सोडा होता. खात्री न करता लिहिलं. चूक माझी. – अवधूत.'

तिने ते दोनदा वाचलं. "माझं नाव का नाही घातलंत?"

"खडू माझ्या हातात होता."

"मग सगळं पुसून तरी टाकायचं…"

"ज्यांनी सकाळी वाचलं, त्यांना कसं कळणार?"

ती तशीच ऑफिसात परतली. तिचा संपादक रोहन खुर्चीत रेलला होता. "डिलीट मार ना. विषय संपला. खुलासा टाकलास तर लोक म्हणतील, शहरघंटा खोटं छापतं."

"छापलंच आहे, सर."

"तुझ्या नावाने टाक मग. उद्या इथे असशील की नाही, ते मला विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे अस्मिता धायरीला गेली. सुशीलाबाईंनी आधी दारात उभं केलं, मग आत घेतलं. किटली कशी घासतात, कितीदा खंगाळतात, दूध कधी ओततात – अस्मिताने सगळं चित्रित करून पोर्टलवर टाकलं आणि वर लिहिलं, 'आमची बातमी खोटी होती.' खाली स्वतःचं नाव.

नोकरी राहिली, रोहन आठवडाभर बोलला नाही, एवढंच. पण खोटी बातमी दोन लाखांनी पाहिली होती, खरी अकराशे जणांनी.

"अकराशेच…" ती अवधूतला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "उरलेल्यांचं काय करू?"

"साठ घरांचे पत्ते सुशीलाबाईंकडे असतील," तो म्हणाला. "रविवारी दुकान बंद असतं माझं."

त्या रविवारी दोघं धायरीत दारोदार फिरली. सुशीलाबाई पुढे, मागे एकेक किटली घेऊन ही दोघं. काहींनी दार लावून घेतलं. एक आजोबा म्हणाले, "चूक सांगायला घरापर्यंत आलेले वार्ताहर पहिल्यांदाच बघतोय. उद्यापासून अर्धा लिटर टाका." सुशीलाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या जिन्याकडे वळल्या.

जिन्याखाली दोघंच उरली.

"त्या दिवशी फोन का नाही केलात?" अस्मिताने हळूच विचारलं.

अवधूतने किटली खाली ठेवली. "तुम्ही सांगितलंत म्हणून. …बातमीवर विश्वास आणि तुमच्यावर विश्वास, यांत माझी गल्लत झाली."

"आणि आता?"

"बातमीवर नाही. ती तुमची असली, तरी तपासणार."

"…आणि माझ्यावर?"

"त्याचं काही करता येत नाहीये," तो किटलीच्या कडीशी चाळा करत म्हणाला. "महिना झाला. प्रयत्न करून पाहिला."

अस्मिता हसली नाही. तिने त्याची किटली एका बाजूने उचलली आणि दुसरी बाजू त्याच्यासाठी मोकळी ठेवली.

"अजून तेवीस घरं राहिलीत," ती म्हणाली. "चल, अवधूत."