दुर्गाबाईंचा मास्क

दुपारी एक ते चार पुणं झोपतं म्हणतात. पोटातल्या बाळांना हे कोण सांगणार? भूल देणाऱ्या डॉ. शर्मिला कायनेटिकला बॅग अडकवून कोथरूडच्या त्या जुन्या प्रसूतिगृहात पोचल्या, तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरची पेरूची बाग जाऊन तिथे संगणकवाल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. आत मात्र तोच डेटॉलचा वास, तेच हिरवे पडदे. फक्त दुर्गाबाई नव्हत्या. गेल्या दिवाळीत वारल्या. दारातच शर्मिलांना भरून आलं.

काय बाई होती! हुद्दा आयाचा, रुबाब मेट्रनचा. जिचं माहेर लांब, तिची त्या आई व्हायच्या. ऑपरेशनच्या टेबलापाशी, उशाशी उभं राहून एक हात तिच्या कपाळावर ठेवायच्या आणि दुसऱ्या हाताने ऑक्सिजनचा मास्क दाबून धरायच्या. शर्मिला म्हणायच्या, "पुरे आता, दुर्गाबाई." उत्तर ठरलेलं: "असू द्या हो, अजून थोडा वेळ. हवेला काय दुष्काळ पडलाय?" नको तितक्या ऑक्सिजनने फुफ्फुसाच्या तळाचे बारीक फुगे मिटतात, हे सांगून सांगून शर्मिलांचं तोंड दुखलं. मायेपुढे शहाणपण चालेना.

आजची श्रद्धा अकोल्याची. नवरा कंपनीच्या कामाला अमेरिकेत, आई अजून रेल्वेत. त्यात पोरगी नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. हिची फुफ्फुसं जपायची, गरज पडल्याशिवाय ऑक्सिजन द्यायचा नाही, असं शर्मिलांनी ठरवलं होतं. त्यांनी पाठीत भूल दिली. मास्क खुंटीवर, सिलिंडर बंद. बोटाच्या चिमट्याचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवत होतं. छान.

सिझेरियन सुरू झालं. जरा वेळाने शर्मिलांनी यंत्राकडे पाहिलं. शंभर.

साध्या हवेवर, आणि असल्या छातीला? त्यांनी चिमटा दुसऱ्या बोटाला लावून पाहिला. शंभरच.

मग सिलिंडरजवळची पाण्याची बाटली बुडबुडू लागली. ऑक्सिजन सोडला की बुडबुडते, तशी. सिलिंडरची चावी तर शर्मिलांच्या खिशात होती. त्यांनी बाटलीची नळी उपसून काढली. बुडबुड चालूच.

मुलगी झाली. खणखणीत रडली.

"श्रद्धा, बरं वाटतंय ना गं?"

"हो. या मावशी किती मायाळू आहेत हो."

"कोण मावशी?"

उशाशी शर्मिलांखेरीज कोणीच नव्हतं.

संध्याकाळी श्रद्धाला धाप लागली. शर्मिलांनी छाती तपासली. तळाशी हवाच पोचत नव्हती. तासन्‌तास मास्क लावून ठेवल्यावर व्हावं, तसं.

"खोल श्वास घे, बाळा. खोकून बघ."

श्रद्धा गाल चाचपत रडवेली झाली. "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. मास्क काढतच नाहीत."

तिच्या मोकळ्या चेहऱ्यावर, गालापासून कानापर्यंत, इलॅस्टिकचा वळ उमटला होता.

"दुर्गाबाई," शर्मिलांनी हात जोडले, "सोडा हो तिला. तिची आई येतेय."

दार उघडलं. पिशव्या तिथेच टाकून श्रद्धाची आई धावत खाटेशी आली. आली! शर्मिलांना हायसं वाटलं.

आईने लेकीच्या कपाळाकडे हात नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"वो बाई," ती हळूच म्हणाली, "इथं तं आधीच कोनाचा तरी हात आहे."